‘समजलं का?’ असं विचारू नका

रक्ततपासणीच्या पत्रकात मी ‘उपाशीपोटी यावे’ एवढंच लिहिलं होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या वाचकांच्या आमच्या गटातल्या ताईंनी ओळीवर बोट ठेवून ते वाचलं आणि विचारलं, “पाणी प्यायचं का? आणि सकाळची गोळी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी माहिती लिहायची असेल, तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मजकूर छापायला जायच्या आदल्या दिवशी दाखवण्यात काही अर्थ नाही. तीन-चार जण पुरेत. कागद कोरा असतानाच विचारा: तुम्हाला काय माहीत हवं? आमच्या गटाचे प्रश्न होते, दुखेल का, किती वेळ लागेल, सोबत कुणी आलं तर चालेल का. माझ्या मसुद्यात यातलं एकही नव्हतं.

लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. ‘रक्ताचा नमुना घेतला जाईल’ असं नको, ‘नर्स तुमचं रक्त घेतील’ असं लिहा. आकडे अंकांत, अक्षर मोठं. इन्क्लूजन युरोप या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणाऱ्या युरोपीय संघटनेची २००९ ची नियमावली अक्षराचा आकार किमान १४ पॉइंट सांगते. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नका.

चित्रांवर मात्र भरपूर वेळ द्या. ‘आधी वेळ ठरवा’ या वाक्याशेजारी मी घड्याळ टाकलं होतं. काटे दहावर होते. एक दादा म्हणाले, “म्हणजे दहाला यायचं.” चूक चित्राची होती. आता तिथे फोनवर बोलणारा माणूस आहे. प्रत्येक चित्र आधी मजकूर झाकून दाखवा आणि काय दिसतं ते विचारा.

‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण मान डोलावतात. ही माणसं आयुष्यभर घाईतल्या लोकांना ‘हो’ म्हणत आलेली असतात. त्यापेक्षा विचारा, “हे वाचून उद्या सकाळी तुम्ही काय कराल?” उत्तर चुकलं तर वाक्य बदला. सगळ्यांच्या हाती एकेक लाल कार्ड द्या. ते वर गेलं की बोलणाऱ्याने थांबायचं. मी आग्रहाने सांगेन, या कामाचं मानधन द्या. ही मोठी माणसं आहेत, त्यांना ‘अहो-जाहो’ करा.

आमचं ते वाक्य तिसऱ्या बैठकीत असं झालं: ‘सकाळी काही खाऊ नका. पाणी प्या. रोजची गोळी घ्यायची का, ते आधी डॉक्टरांना विचारा.’ ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “विचारू कसं? नंबर कुठाय?”

नंबर आता त्याच ओळीखाली आहे, ठळक अक्षरात.