न्यायाधीशांविरुद्ध दाद मागताना या चुका टाळा

निकाल विरोधात गेला की त्याच रागात न्यायाधीशांविरुद्ध तक्रारअर्ज लिहिला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पुरावा नीट तपासला नाही, कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, तर त्यावर उपाय अपिलाचा. तक्रारअर्जाने निकाल फिरत नाही. दिवाणी हुकूमनाम्यावर, म्हणजे दिवाणी दाव्यातल्या अंतिम निकालावर, जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात, उच्च न्यायालयात 90. तक्रारीच्या उत्तराची वाट बघण्यात मुदत सरते आणि मग विलंब माफ करून घेण्यासाठी वेगळी लढाई लढावी लागते. म्हणून आधी निकालाच्या नकलेसाठी अर्ज करा. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात.

न्यायाधीशांचे समोरच्या पक्षाशी हितसंबंध आहेत अशी शंका असेल, तर दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज सुनावणी चालू असतानाच करा. निकालानंतर सुचलेल्या शंकेला फारसं वजन राहत नाही.

पैसे मागितले, पक्षकाराला खासगीत भेटले, हे मात्र गैरवर्तन. इथे लोक मंत्र्यांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज देतात. तालुका आणि जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, राज्यघटनेच्या कलम 235 नुसार. तिथेच तक्रार करा. तारखा, पुरावे आणि प्रतिज्ञापत्र जोडा.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव संसदेतच येतो. त्याला लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 खासदारांच्या सह्या लागतात. मग तिघांची चौकशी समिती आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, म्हणजे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचे अनेक आरोप समितीने सिद्ध मानले, तरी काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले आणि प्रस्ताव पडला. 2011 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत मंजूर झाला, पण लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांवर राजकीय दबाव येऊ नये म्हणून हा दरवाजा जड हवा, हे मला पटतं. पण पदच्युतीपेक्षा सौम्य शिक्षेची तरतूद या प्रक्रियेत नाही, ही उणीव गंभीर आहे.

शेवटची चूक म्हणजे अवमानाच्या धास्तीने गप्प बसणं. न्यायालय अवमान कायदा, 1971 च्या कलम 5 नुसार निकाली निघालेल्या प्रकरणावरची रास्त टीका अवमान ठरत नाही. खालच्या न्यायाधीशांविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कलम 6 संरक्षण देतं. मात्र तोच मजकूर आधी समाजमाध्यमांवर टाकलात, तर हे संरक्षण त्याला लागू होत नाही.