कुत्र्याच्या हृदयातला जंत: हार्टवर्मची लक्षणं कशी ओळखायची

रोज रंकाळ्याला अख्खी फेरी मारणारं कुत्रं अर्ध्या वाटेतच बसकण मारायला लागलं, तर 'आता वय झालं त्याचं' म्हणून सोडून देऊ नका. हार्टवर्म बऱ्याचदा असाच, दम कमी पडण्यातून डोकं वर काढतो.

हा पोटातला जंत नव्हे. डास चावतो तेव्हा त्याची अळी कुत्र्याच्या अंगात शिरते आणि 6-7 महिन्यांत वाढून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत, पुढे हृदयाच्या उजव्या कप्प्यात ठाण मांडते. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शेवईसारखी बारीक, आणि 5 ते 7 वर्षं जगणारी. चाटण्यातून किंवा उष्ट्यातून हा जंत पसरत नाही, मधे डास लागतोच. देशात हा आजार ईशान्येकडे जास्त आढळतो. पण पंचगंगेचा काठ, उसाचे फड आणि तुंबलेली गटारं पाहता कोल्हापूरकरांनी निर्धास्त राहू नये.

आधी ढास ऐका. कोरडी असते, पळून आल्यावर किंवा जिना चढल्यावर हमखास येते. कुत्र्याकुत्र्यांत पसरणारा साधा खोकला बहुधा 2-3 आठवड्यांत ओसरतो. ही ढास रेंगाळते. मोबाईलवर तिचं चित्रण करून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं नेमकं खोकत नाही.

मग श्वास मोजा. घरच्या घरी करण्यासारखी याहून कामाची तपासणी नाही. कुत्रं गाढ झोपलं की शेजारी बसा. छाती फुगून खाली गेली की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजा. स्वप्नात पाय हलवत असेल किंवा उन्हातून येऊन जीभ काढून धापा टाकत असेल, तर तो आकडा धरू नका. झोपेतले श्वास मिनिटाला 30 च्या आत हवेत. रोज तारखेसकट वहीत लिहा. आकडा 30 च्या वर जाऊन तिथंच राहिला, तर पशुवैद्याकडे जायला उशीर करू नका.

ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला ठिपका 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

खाणं कमी होऊन बरगड्या दिसायला लागतात आणि पोट मात्र सुटतं, हे फसवं लक्षण. लोक म्हणतात, बाळसं धरलंय. प्रत्यक्षात हृदय थकल्यानं पोटात पाणी साठलेलं असतं आणि आजार बराच पुढे गेलेला असतो.

मलूलपणा आणि फिकट हिरड्या गोचीड तापातही दिसतात, आणि तो आपल्याकडे नेहमीचा. त्यात ताप येतो, कधी नाकातून रक्त येतं. घरी निदान करत बसू नका, डॉक्टरांना दोन्हींची तपासणी करायला सांगा.

कुत्रं अचानक कोसळलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. हृदयातच जंतांचा गुंता झाल्याची ही खूण असू शकते.

तपासणी. रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची पिल्लं शोधतात, पण ती नेहमी सापडतातच असं नाही. शिवाय त्वचेखाली राहणाऱ्या दुसऱ्या एका जंताची पिल्लंही तशीच दिसतात. म्हणून अँटिजेन चाचणी मागा. ती मोठ्या मादीचा अंश पकडते, त्यामुळे लागण होऊन 6 महिने व्हायच्या आत केली तर निकाल खोटा 'नाही' येऊ शकतो. पावसाळ्यात डास चावले असतील, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करून घ्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. गोठ्यात म्हशीसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन कुत्र्याला टोचू नका. जनावराचा डोस कुत्र्याला जिवावर बेततो. कोलीसारख्या काही जातींना तर थोडाही जास्त डोस सोसत नाही. रक्तात पिल्लं भरपूर असतील, तर ती एकदम मेल्यानंही कुत्रं शॉकमध्ये जाऊ शकतं. डास टाळण्याइतकंच महिन्याचं प्रतिबंधक औषध महत्त्वाचं, पण 7 महिन्यांवरच्या कुत्र्याची आधी चाचणी करा आणि मग वजन करून डॉक्टर देतील तेच द्या.

निकाल येईपर्यंत पळवणं, पोहायला सोडणं, चेंडू फेकणं बंद. साखळी लावून दारापुढं शी-शूपुरतं फिरवा, बस्स.