पुडी उकळू नका: मत्स्यबीजाला व्हिटॅमिन देताना या चुका टाळा

पावसाळा लागला की फोन सुरू होतात. "भाऊ, बीज वाढूनच नाही रायलं, कोनतं व्हिटॅमिन देऊ?" मी आधी विचारतो, पाण्याचा रंग कसा आहे? शेणखत वेळेवर पडलं असेल, पाणी हिरवट-तपकिरी असेल, तर जिऱ्याला (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना) आणि बीजाला बरंचसं व्हिटॅमिन पाण्यातल्या प्लवंगांतूनच, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतूनच मिळतं. व्हिटॅमिनची पुडी खरी लागते ती सिमेंटच्या टाकीत, हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात), दाटीनं ठेवलेल्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना. तिथं तुम्ही टाकाल तेवढंच तिचं जेवण.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती: खाद्य शिजवतानाच पुडी टाकणं. भंडारा जिल्ह्यातला एक ओळखीचा पोरगा. त्या वर्षी पाऊस लांबला, गावचा जुना मालगुजारी तलाव भरला नाही आणि रोहूचं बीज दोन महिने टाकीतच अडकलं. याचा चुलीवर भला मोठा गंज (पातेलं), त्यात भुईमुगाची ढेप आणि तांदळाचा कोंडा रटरटतोय, अन् त्यातच पुडी. मी गेलो तेव्हा ताटात थोडं बीज घेतलं. कितीतरी पिल्लांच्या पाठी नागमोडी, काहींच्या कल्ल्यांची झाकणं आखूड. पोरगा म्हणतो, "पुडी तं रोज टाकत होतो न भाऊ, मंग हे वाकडे कायले होऊन रायले?"

अरे, टाकलीस, पण उकळून मारलीस. गाय, बकरी, कोंबडी व्हिटॅमिन सी अंगातच तयार करतात. रोहू-कटल्याला ते खाद्यातूनच मिळावं लागतं. ते मिळालं नाही तर हाडांमधलं कोलॅजन हे प्रथिन नीट बनत नाही आणि कणा वाकतो. उष्णता, हवा, ओलावा, तिन्ही या व्हिटॅमिनचे वैरी. आणि एकदा वाकलेली पाठ पुन्हा सरळ होत नाही. त्याचं ते बीज कुणी घेतलं नाही.

माझी पद्धत सांगतो. कणकेची पातळ खळ करायची. बोट बुडवून आरामात ठेवता आलं पाहिजे, इतकी थंड होऊ द्यायची, मगच पुडी त्यात कालवायची. ती तयार दाण्यावर चोळायची, वरून तेलाचा हलका हात, आणि सावलीत सुकवायचं. उन्हात नाही, बी-२ उजेडानंच जातं. आजचं आजच संपवायचं. ज्यांना एवढाही धीर नाही ते पुडी सरळ पाण्यात उधळतात. बी गटातली व्हिटॅमिनं आणि सी पाण्यात विरघळून जातात. टाकीला टॉनिक पाजून मासे वाढत नसतात.

दुसरी आवडती चूक: कोंबडीचं प्रिमिक्स, म्हणजे कोंबडीच्या खाद्यात मिसळायचं तयार व्हिटॅमिन मिश्रण. स्वस्त पडतं म्हणून आणतात. पण कोंबडी सी स्वतः बनवते, त्यामुळे तिच्या मिश्रणात ते बहुधा घातलेलंच नसतं. दुकानदार म्हणेल "सब एकच आहे". ऐकू नका, लेबल वाचा. माशांसाठीचंच घ्या आणि त्यात सी कोणत्या रूपात आहे ते बघा. ॲस्कॉर्बिल फॉस्फेट साध्या ॲस्कॉर्बिक ॲसिडपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. प्रमाण पाकिटावर असतं. माझ्याकडच्या मिश्रणाचं 100 किलो खाद्याला 1 किलो आहे.

मे महिन्यात पाकीट टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्या विदर्भात पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. माझं पाकीट माजघरात, डब्यात घट्ट बंद असतं. तांबं-लोह असलेलं मिनरल मिक्श्चर त्यात आधीच मिसळून ठेवू नका, त्यानंही सी खराब होतं.

खवट कोंडा वापरू नका. त्यातलं खराब तेल व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं.

मरळीच्या पिल्लांना कच्ची मासळी बारीक करून देत असाल तर ती शिजवूनच द्या. बऱ्याच कच्च्या माशांत बी-१ मोडणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. (गंजाचा उपयोग इथं करा!)

लवकर मोठे व्हावे म्हणून दुप्पट डोस? ए आणि डी अंगात साचतात, जास्त झाले की बाधतात.

सकाळी मासे तोंड वर काढताहेत, तेव्हाही लोक पुडीच शोधतात. ती ऑक्सिजनची तक्रार आहे, पाणी बदला.

आणि पाठ वाकडी दिसली की दरवेळी सीच कमी असेल असं नाही. काही कीटकनाशकांनीही कणा वाकतो. तेव्हा पुडी वाढवण्याआधी बांधावरून चालत जा आणि शेजारच्या धानाच्या बांधीतलं फवारणीचं पाणी तुमच्या तळ्यात उतरतंय का, ते बघून या.