भर उन्हात गळाची जिवंत मासळी का मरते? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की गळ टाकणाऱ्याचा डाव पुष्कळदा काठावर पोचण्याआधीच फसलेला असतो. गळाला आमिष म्हणून लावायला बादलीत डझन-दोन डझन चिलापीची (तिलापिया) पिल्लं घेऊन माणूस पहाटे निघतो, उजनी धरणापाशी भीमानगरला उतरून झाकण उघडतो, तर निम्मी पोट वर करून तरंगतायत. मरळ या शिकारी माशाला गळाभोवती धडपडणारी मासळी लागते, मेलेल्या पिल्लाकडे ती सहसा ढुंकूनही बघत नाही. मग दोष उन्हाच्या माथी. पण चिलापी मूळची आफ्रिकेतली, कोमट पाण्याची तिला सवय. बादलीत ती बहुतेक वेळा गुदमरून मरते.

२० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ च्या आसपास. घट पाव हिश्शाची. पण पाणी १० अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. उन्हाळ्यातली खरी अडचण इथं आहे: पाणी थोडं कमी देतं आणि मासा कितीतरी जास्त मागतो. खाली दिलेल्या बऱ्याचशा चुका ही मागणी वाढवणाऱ्याच आहेत.

"असू देत चार जास्तीची"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाटेत काही मरतीलच म्हणून आधीच दुप्पट घ्यायची, आणि दुप्पट घेतली म्हणूनच ती मरायची. बोटाएवढ्या पिल्लाला उन्हाळ्यात दीड-दोन लिटर पाणी, हा माझा हिशेब. म्हणजे २० लिटरच्या बादलीत दहा-बारा पिल्लं, बस्स. हिवाळ्यात त्याच बादलीत पंचवीस नेली तरी निभतं, म्हणून लोक फसतात.

भांड्याचं तोंडही बघा. तेलाच्या उभ्या कॅनमध्ये पाणी भरपूर दिसतं, पण हवा लागणारा पृष्ठभाग वीतभर. तेवढंच पाणी पसरट टबात जास्त श्वास देतं. काठोकाठ भरून झाकण गच्च लावलं की हवेचा संबंधच संपतो, तेव्हा वर चार बोटं जागा सोडा आणि झाकणाला भोकं पाडा. तांब्या-पितळेची घागर आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली नकोच, हे धातू पाण्यात उतरून कल्ल्यांना बाधतात.

निघायच्या आदल्या दिवशी मासळीला खायला घालू नका. भरल्या पोटी मासा जास्त प्राणवायू घेतो, वर पाणी घाण करतो ते वेगळंच. एक दिवसाच्या उपासानं तिला काही होत नाही.

पाणी कुठलं?

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या भरलेल्या असतात. गळवाल्याला ही गैरसोय एका परीनं सोयीची. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. उघड्या पिंपात दिवसभर उन्हावाऱ्यात राहिलेल्या पाण्यातून ते बरंचसं उडून जातं, बंद टाकीतून मात्र तितकं लवकर जात नाही. घाई असेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला. बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्यात क्लोरीन नसतं, पण जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायूही बऱ्याचदा कमीच असतो. दोन बादल्यांत दहा-बारा वेळा उंचावरून इकडून तिकडे ओता, मग मासळी सोडा.

"उजनीचंच पाणी भरतो, मासळी तिथलीच आहे" हे ऐकायला पटतं. उन्हाळ्यात उजनीचा साठा आटतो, बातम्यांत 'मायनस'चे आकडे येतात (म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठा सुरू झाला), आणि उरलेलं पाणी शेवाळानं हिरवं होतं. हे शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच खातं. त्यामुळे हिरव्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, आणि आपण बादली भरतो तीही पहाटेच. वर झाकण लावून अंधार केला की शेवाळ बादलीतही मासळीच्या वाट्याचा प्राणवायू खात बसतं. दुपारी उलटा त्रास. कडक उन्हात हिरव्या पाण्याचा सामू (pH) चढतो, पाणी तापलेलं असतं, आणि या दोन्हींमुळे मासळीनं पाण्यात सोडलेला अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून घरून साधं निवळलेलं पाणी न्या. काठावरचं घ्यायचंच तर वारा लागून लाटा उठतात त्या बाजूचं, पायानं गाळ न ढवळता घ्या.

बर्फाची घाई

पाणी तापलं म्हणून रसवंतीवरून बर्फाचा खडा आणून थेट बादलीत टाकणारे पुष्कळ. पाच मिनिटांत पाणी सात-आठ अंशांनी उतरतं आणि मासळी आडवी होते. शिवाय तो बर्फ नळाच्या पाण्याचा असला तर क्लोरीनही सोबत आलं. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवा आणि बंद बाटलीच पाण्यात सोडा. हाताला पाणी गारसर लागलं की बाहेर काढा, तापलं की पुन्हा सोडा. हिवाळ्यासारखं थंड करायचं नाही, २५-२८ अंशांवर राहिलं तरी फार झालं. गळाला लावल्यावर ती मासळी तलावाच्या तीस अंशांच्या पाण्यात जाणार आहे, तिथं तिला दुसरा धक्का नको.

बर्फापेक्षा आपल्या हवेला मानवणारा उपाय म्हणजे ओलं फडकं. माठ गार राहतो ते याच तत्त्वावर: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. सोलापूरचं ऊन कोरडं. हवा ४२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वाऱ्याला लागलेलं ओलं फडकं २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. आतलं पाणी तेवढं खाली येत नाही, पण उघड्यावरच्या बादलीपेक्षा बरंच गार राहतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय निम्माही चालणार नाही. गोणपाट चालतं, पण इथल्या टेरी टॉवेलसारखं पाणी धरणारं दुसरं काही नाही, आणि जुना टॉवेल नाही असं घर सोलापुरात शोधूनच काढावं लागेल. बादलीला तो गुंडाळा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी भिजवा आणि वारा लागू द्या.

थर्मोकोलच्या खोक्याला मात्र टॉवेल गुंडाळून उपयोग शून्य. थर्मोकोल उष्णता आत येऊ देत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही. खोक्यात बर्फाची बंद बाटली, पातळ प्लास्टिकच्या बादलीवर ओलं फडकं, अशी विभागणी ठेवा. आणि भांडं कुठलंही असो, उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथं कुठलीच युक्ती चालत नाही.

बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घेतलात तर वरच्या निम्म्या कटकटी कमी होतात. पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा हवेचा दगड बारीक बुडबुडे सोडणारा घ्या, मोठे बुडबुडे भराभर वर येऊन फुटतात. पंपाच्या भरवशावर मासळी दुप्पट भरू नका, वाटेत बॅटरी बसली की सगळी एकदमच जाते. मत्स्यबीज लांब नेणारे प्लास्टिकच्या पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरतात आणि शक्यतो रात्री किंवा पहाटे निघतात. एवढी तयारी आपल्याला नको, पण वेळ तरी त्यांची उचलावी. दहाला निघून बाराला काठावर पोचणाऱ्याची मासळी कोणी वाचवू शकत नाही.

बिघडलंय हे ओळखायचं कसं

मासळी पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागली की प्राणवायू संपत आलाय. मगानं पाणी उंचावरून ओतत राहा, थोडी मासळी दुसऱ्या भांड्यात काढा. पाण्यावर न मोडणारा फेस आला असेल तर ते चिकट द्रव्य आणि विष्ठा. तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळं एकदम नको. सोडल्या सोडल्या सैरावैरा धावून भांड्यावर आदळायला लागली तर क्लोरीनचा संशय घ्या. आणि सोडताच कुशीवर पडली तर दोन पाण्यांच्या तापमानातला फरक. मासळी पिशवीतून आणली असेल तर पिशवी पंधरा-वीस मिनिटं बादलीत तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी मिसळा. लिटरला दोन-तीन ग्रॅम जाडं मीठ घातलं तर घाबरलेली मासळी लवकर सावरते.

कोरड्या हातानं मासळी धरू नका. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की ती तासाभरात मलूल होते. बारीक जाळी किंवा ओला हात वापरा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणंही सोडा, उजेड आणि हालचालीनं ती बिथरते आणि बिथरली की जास्त श्वास घेते.

काठावर पोचल्यावर बरेच जण मासळी जाळीच्या डब्यात घालून पाण्यात सोडतात. उत्तम, पण डबा घोट्याएवढ्या पाण्यात ठेवू नका, दुपारी तिथलं पाणी सगळ्यात तापलेलं असतं. दोरी लांब सोडून कमरेएवढ्या पाण्यात, शक्यतो सावलीच्या बाजूला ठेवा. फार खोलही नको. उन्हाळ्यात स्थिर पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी असतो.

कटला-रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मात्र गळाला लावू नका. ती मच्छीमारांच्या पोटापाण्यासाठी सोडलेली असते. आणि उरलेली चिलापी हिप्परग्याच्या तलावातून सीना नदीत किंवा सीनेतून कुठल्या शेततळ्यात सोडू नका, एकदा शिरली की ती पिल्लांवर पिल्लं घालून तळं भरून टाकते. वाटेत मेलेली मासळी सावलीत ओल्या फडक्यात वेगळी ठेवा. मरळ तिला विचारणार नाही, पण संध्याकाळी तळाशी टाकलेल्या गळाला शिंगाडा मासा ती घेतो.