कॉलेजसाठी फिल्म एडिटिंगचा शिक्षक कसा निवडायचा
मुंबईत एडिटर शोधायला त्रास नाही, अंधेरीत गल्लोगल्ली एडिट स्टुडिओ आहेत, पण शिकवता येणारा मिळणं अवघड. नेट-पीएचडी नाही म्हणून चांगला माणूस हातचा घालवू नका. युजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केलीय, 15 वर्षांचा अनुभव लागतो, डिग्रीची सक्ती नाही, फक्त मंजूर जागांच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतात आणि तेही जास्तीत जास्त 4 वर्षं.

शोरील, म्हणजे निवडक कामाचा व्हिडिओ, बघून भुलू नका, त्यात एडिटरचं किती नि डायरेक्टरचं किती ते कळतच नाही. डेमो लेक्चर घ्याच आणि समोर खरी पोरं बसवा. आमच्याकडे एका मॅडमनी एका पोराचा सीन लावला, त्यात एक बाई नि एक पुरुष बोलत होते, आधी आवाज बंद करून, मग चित्र बंद करून, आणि विचारलं, हिचं वाक्य संपायच्या आधीच त्याचा चेहरा दाखवलास तर? पोराने कट 12 फ्रेम मागे घेतला आणि सीन एकदम जिवंत झाला! मॅडमनी माऊसला हातही लावला नव्हता. असं कुणी दिसलं की लगेच पगाराचं बोला, आणि बाहेरच्या कामाची डेडलाइन आली तरी लेक्चर बुडणार नाहीत हे लेखी घ्या.