फॉन्ट निवडण्याआधी 'वऱ्हाडी' लिहून बघा

सांगलीत मी लग्नपत्रिका करते. एकदा तीनशे पत्रिका छापून आल्या आणि 'वऱ्हाडी मंडळी'तला 'ऱ्ह' तुटलेला निघाला. फॉन्ट मी मेनूतला नमुना बघून निवडला होता. तेव्हापासून नुसत्या मेनूवर विसंबत नाही.

फोटोशॉपच्या फॉन्ट यादीत नावापुढे 'सॅम्पल' हा रोमन शब्द दिसतो. युनिकोड फॉन्टमध्ये रोमन अक्षरंही असतील, तर बऱ्याचदा तीच समोर येतात. देवनागरी कशी आहे ते कळतच नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टचं उलटं. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून 'सॅम्पल'च्या जागी सुटे काने-मात्रे आणि अर्धी अक्षरं दिसतात. फॉन्ट बिघडलेला नसतो.

नमुना बारीक वाटत असेल तर टाइप मेनूत फॉन्ट प्रिव्ह्यू साइजमध्ये जाऊन 'ह्यूज' करा. शेकडो फॉन्ट भरलेत आणि यादी रखडत उघडते? तिथेच 'नन' करा.

खरी पारख मात्र कॅनव्हासवर. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल आणि प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउटचा पर्याय दिसत असेल, तर आधी तो निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि नवी फाइल घ्या. हे राहिलं तर चांगल्या फॉन्टचीही जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. मग एका लेअरवर ही ओळ लिहा:

ॲड. शैला, वऱ्हाडी मंडळी, लग्नस्थळ, महाराष्ट्र, यज्ञ, शुद्ध, अक्षता, झेंडू, १२३४५६७८९०

लेअर निवडलेला ठेवून फॉन्टची यादी उघडा आणि नावांवरून माउस सावकाश फिरवा. क्लिक न करताच ओळ त्या त्या फॉन्टमध्ये बदलत जाते. मी सगळ्यात आधी 'ऱ्ह' बघते, मग 'ॲ', मग 'ष्ट्र'. चौकोन दिसला तर ते अक्षर फॉन्टमध्ये नाही.

'ल' आणि 'श'कडे जरा थांबून बघा. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी ठरवलेला आहे. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात. पत्रिका हातात घेणाऱ्या आजी-आजोबांच्या डोळ्यांना ते खटकतं, आणि मलाही. टिरो देवनागरी या फॉन्टची मराठी आणि हिंदी रूपं वेगवेगळी मिळतात, त्यातलं मराठीच उतरवून घ्या. अंकांतही ५ आणि ८ असेच तपासा.

पसंत पडलेल्या फॉन्टच्या नावाशेजारच्या चांदणीवर क्लिक करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फक्त तेवढेच फॉन्ट गाळून बघता येतात. माझ्याकडे असे अकराच आहेत.

फोटोशॉपऐवजी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या 'विंडोज' मेनूतून फॉन्टचं डायलॉग उघडा आणि नावाशेजारच्या छोट्या अक्षरांवर माउसचं बटण दाबून धरा. मोठा नमुना दिसतो. तोही सहसा इंग्रजी वाक्याचाच असतो, त्यामुळे वरची ओळ तिथेही टाइप करावीच लागते.