हार्डडिस्कवरून एसएसडीवर: लॅपटॉपमधलं विंडोज जसंच्या तसं हलवताना

लॅपटॉप रखडत चालतोय म्हणून एसएसडीवर (फिरत्या भागांशिवाय चालणाऱ्या डिस्कवर) खर्च करण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. लॅपटॉप सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि पाच मिनिटं डिस्कच्या रकान्यावर नजर ठेवा. तो १०० टक्क्यांना चिकटलेला आणि सीपीयू मात्र २०-३० टक्क्यांवर असेल, तर अडवणूक हार्डडिस्कचीच आहे. ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइली उचलायच्या असतात आणि दर वेळी डिस्कचं हेड नवी जागा शोधत फिरतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, खरा फरक तिथे पडतो. मेमरीचा रकानाही ९०च्या वर असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर रॅमही वाढवा.

आणखी एक हिशेब आधीच करून ठेवा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. एसएसडी बसवून ही अट पुरी होत नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये साधी साटा (जुन्या धाटणीच्या जोडणीची) एसएसडी घाला, महागडी नको.

कोणती एसएसडी बसेल

नाशिकला एमजी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला दुकानात जाताना लॅपटॉपच्या तळावरच्या स्टिकरचा फोटो घेऊन जा. ‘एचपीचा लॅपटॉप आहे’ एवढ्या माहितीवर दुकानदार अंदाजच बांधणार. पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधलं की आत २.५ इंची साटा डिस्क आहे की एम.२ स्लॉटही (पट्टीसारख्या एसएसडीची खोबण) आहे, हे कळतं.

२.५ इंची एसएसडी ७ मिमी जाडीची असते. काही जुन्या हार्डडिस्क ९.५ मिमीच्या असतात. तिथे एसएसडी सैल बसते, म्हणून २.५ मिमीची प्लास्टिक चौकट लावावी लागते. एम.२मध्ये फसगत जास्त होते. साटा आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान) हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, दोन्ही बहुधा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. साटावाल्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण खाच जुळली म्हणजे चालेलच असं नाही. स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई पट्टी बसेल, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसणार नाही. मॅन्युअलवर विश्वास ठेवा, खाचेवर नको.

क्षमता ठरवताना विंडोज दाखवतं तो आकडा धरा. ५०० जीबीची एसएसडी ४६५ जीबी दिसते, ४८० जीबीची ४४७. सी आणि डी मिळून वापरलेली जागा या आकड्याच्या पाऊण हिश्शात मावली पाहिजे. सोबत यूएसबी ३.० ते साटा केबल घ्या, किंवा एम.२ असेल तर त्याची केसिंग. बिलावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी तोच लागतो.

आधी जुन्या डिस्कची तब्येत

बहुतेक क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवणं) इथे फसतात आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचा रॉ व्हॅल्यू बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्तच न होणारे. तिन्ही शून्य असतील तर पुढे जा. सी५ शून्याच्या वर असेल तर नेहमीचं क्लोन सॉफ्टवेअर ६०-७० टक्क्यांवर रीड एरर देऊन थांबण्याची दाट शक्यता आहे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर आजारी डिस्कवरचा ताण वाढत जातो.

अशा डिस्कवरून आधी मौल्यवान तेवढं उचला: फोटो, सातबाऱ्याचे आणि कर्जाचे स्कॅन, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट. चेकडिस्कची दुरुस्ती त्याआधी चालवू नका, ती तासन्‌तास डिस्क घासत बसते. संपूर्ण डिस्कच वाचवायची असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते अडलेला भाग सोडून पुढचं वाचतं, शेवटी मागे वळतं आणि कुठपर्यंत वाचलं याची नोंद ठेवतं. त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. मात्र त्यासाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. तसं नसेल, किंवा विंडोज सहा-सात वर्षांचं आणि व्हायरसने पोखरलेलं असेल, तर क्लोनचा हट्ट सोडा. नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाका आणि फाइली परत आणा.

डिस्क ठणठणीत असली तरी बॅकअप हवाच, आणि तो तिसऱ्या डिस्कवर. सोर्स आणि डेस्टिनेशनची उलटापालट झाली तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते. त्यावर उपाय नसतो.

क्लोनच्या आधीची कामं

सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते मालकाला न कळताच चालू असतं. बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. नाहीतर एसएसडीवरून पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि स्लीप ‘नेव्हर’वर ठेवा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि द्राक्ष बागायतदारांकडे हिशेब टॅलीवर असतात. टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून ते आधी सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते सहसा जात नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स टॅब उघडा आणि पार्टिशन स्टाइल (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याची पद्धत) नवी जीपीटी आहे की जुनी एमबीआर ते टिपून ठेवा. एमबीआर असेल आणि एनव्हीएमई बसवणार असाल, तर मायक्रोसॉफ्टच्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने बॅकअपनंतर ती बदलून घ्या आणि बायोसमध्ये यूईएफआय (बूट करण्याची नवी पद्धत) निवडा. एनव्हीएमईवरून बूट करायला बहुतेक लॅपटॉप यूईएफआयच मागतात.

क्लोन

मॅक्रियम रिफ्लेक्ट या क्लोन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आता मिळत नाही, जुने व्हिडिओ बघून ती शोधण्यात वेळ घालवू नका. सॅमसंग, क्रुशल, डब्ल्यूडी अशा कंपन्या आपल्या एसएसडीसाठी क्लोन सॉफ्टवेअर देतात. ते त्यांचीच डिस्क जोडलेली असेल तर चालतं. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचं आहे. पण १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं असेल तर ते सरळ नकार देतं, मग कंपनीचंच सॉफ्टवेअर सोयीचं.

एसएसडी निळ्या यूएसबी ३.० पोर्टला जोडा. सोर्स आणि डेस्टिनेशन निवडताना मॉडेल नंबर आणि आकार दोन्ही वाचा. फक्त सी ड्राइव्ह निवडू नका. १०० ते २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन आणि शेवटचं रिकव्हरी पार्टिशन सोबत घ्या. ईएफआय राहिलं तर विंडोज एसएसडीवर असूनही लॅपटॉप ते सुरू करू शकत नाही. नवी डिस्क मोठी असेल तर सी तिथेच ताणून घ्या. नंतर ताणायला गेलं की रिकव्हरी पार्टिशन मध्ये येतं आणि एक्स्टेंडचा पर्याय फिका पडतो.

२०० जीबी डेटाला यूएसबी ३.०वर साधारण पाऊण तास ते दीड तास लागतो. यूएसबी २.०वर वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच राहतो, तिथे नुसता उतरवायलाच पावणेदोन तास जातात. बॅटरी मेलेली असेल तर महावितरणचा वीज बंदचा मेसेज आलेला दिवस टाळा, किंवा लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावा. काम चालू असताना लॅपटॉप मांडीवर नको, टेबलावर ठेवा.

उघडताना

शटडाउन करा, चार्जर काढा. स्क्रू पीएच-शून्य (बारीक फुलीच्या टोकाच्या) स्क्रू ड्रायव्हरने निघतात. काही रबरी पायांखाली दडलेले असतात. कोणता कुठून निघाला ते कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरचं प्लास्टिक फुगतं किंवा फुटतं. कडा प्लास्टिकच्या पट्टीने उकला. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते आणि अंगावर लोकर. अशा दिवसांत स्थिर विजेचा धक्का बोटांना जाणवतो. आतल्या भागांना हात लावण्याआधी स्वेटर काढा आणि नळासारख्या उघड्या धातूला स्पर्श करा. एसएसडी कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

साटा डिस्कची फ्रेम काढून नव्या डिस्कला लावा. रिबनची कुलपासारखी पट्टी हलकेच उचला, ओढू नका. एम.२ पट्टी तिरकी आत घाला, खाली दाबा आणि एकच स्क्रू लावा. पट्टी पूर्ण आत गेली नसेल तर ती स्क्रूच्या जागेपर्यंत पोचत नाही.

पहिलं बूट

एम.२ वापरली असेल तरी पहिल्या बूटला जुनी हार्डडिस्क काढूनच ठेवा. दोन्ही आत असतील तर लॅपटॉप गुपचूप जुन्यावरून सुरू होतो आणि वेग तोच राहतो. डेलला आणि बहुतेक लेनोवोंना एफ१२ दाबून बूट मेनू येतो, एचपीला एस्केप आणि मग एफ९.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर बायोसमध्ये डिस्क दिसते का ते आधी बघा. दिसत नसेल तर बसवणं चुकलंय किंवा एम.२चा प्रकार चुकलाय. दिसत असेल तर बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणा. तरीही नाहीच झालं तर ईएफआय राहिलेलं असणार. डागडुजी करत बसण्यापेक्षा क्लोन पुन्हा करा. निळा स्क्रीन आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे सहसा स्टोरेज ड्रायव्हरमुळे होतं. जुनी डिस्क परत लावून सिस्टम कॉन्फिगरेशनच्या बूट टॅबवर सेफ बूट निवडा, पुन्हा क्लोन करा, एसएसडीवरून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि ती खूण काढून टाका. बायोसमधला साटा मोड उगाच बदलू नका, जुन्या डिस्कवर होता तोच राहू द्या.

सुरू झालं की ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये सीसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं आहे का बघा. तसं असेल तर विंडोज डीफ्रॅगऐवजी (विखुरलेल्या फाइली एकत्र लावण्याऐवजी) ट्रिम चालवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं. वेगळं डीफ्रॅग सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. बिटलॉकर पुन्हा चालू करा आणि त्याची की कागदावर लिहून ठेवा.

जुन्या हार्डडिस्कला किमान महिनाभर हात लावू नका. एखादी फाइल राहिलेली आठवते ती साधारण याच काळात. नंतर केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा. भंगारात द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फाइली परत निघतात. फॉरमॅट करताना क्विकची खूण काढा, मग विंडोज पूर्ण डिस्कवर शून्य लिहितं. १ टीबीला यूएसबी ३.०वर तीन-चार तास लागतात.